पायाळूचा पाय

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही आणि डॉक्टर तर नाहीच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर चार पानं सलग लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ज्यांना खरंच मोठे आजार झाले, ज्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलं, त्यांच्यापुढे एका तुटलेल्या टाचेचं काय कौतुक सांगायचं, असंही वाटतं. तरी लिहितो आहे, कारण माझ्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासारखी मुलं माझ्याकडे महिन्याभराने येतात. तोवर घरी चोळून चोळून सगळं होऊन गेलेलं असतं. माझं कोणी ऐकत नाही, मी त्यांना रागावणारी बाई वाटते. तुझं ऐकतील. लिही."

म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खो-खो खेळतो. जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाला असताना, सामन्यात माझ्या उजव्या टाचेच्या मागची कंडरा तुटली. पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी बांधून ठेवणारा जो जाड दोर असतो, तो. विद्यापीठाच्या संघात खेळायचं हे माझं एकच स्वप्न होतं आणि त्यासाठी फक्त एक वर्ष उरलं होतं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्या एका वर्षाचं आहे.

लाथ कोणी मारली?

सामना धुळ्याला होता. आम्ही आक्रमण करत होतो, म्हणजे आमचे आठ जण पाटीवर एका रांगेत बसलेले आणि एक जण पळणारा. मी मधल्या चौकात बसलो होतो. माझा मित्र भूषण पळत आला, पाठीला हात लावून ओरडला, "खो!" मी उठलो. उजव्या पायाचा चवडा जमिनीत रोवून जोर दिला आणि मागून टाचेवर कोणीतरी सणसणीत लाथ मारली. आवाजसुद्धा आला, पोत्याची सुतळी तुटते तसा.

मी दोन पावलं गेलो आणि पडलो. पडल्या पडल्या मागे वळून भूषणवर ओरडलो, "खो देतोस का लाथा मारतोस?"

तो माझ्या जागी बसून माझ्याकडे बघत होता. "मी पाठीला हात लावला रे फक्त. आईची शप्पथ."

मी विश्वास ठेवला नाही. मैदानाबाहेर नेईपर्यंत मी त्याला बोलतच होतो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ही कंडरा तुटली की जवळजवळ प्रत्येकाला असंच वाटतं. कोणी लाथ मारली, कोणी दगड मारला, आणि मागे बघावं तर कोणी नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर बरं झालं असतं. भूषणचीही शिव्यांतून सुटका झाली असती.

आमचे क्रीडा शिक्षक बोरसे सर. त्यांनी पायाला बर्फ लावला आणि दोनदा बजावलं, "उद्या सकाळी आधी डॉक्टर. तेलबिल काही लावायचं नाही."

मी हो म्हणालो. घरी मात्र सांगितलं, पाय मुरगळला.

मी स्वतःच वैद्य

डॉक्टरकडे न जाण्याचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे असं मानतात की पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते. जळगावातल्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कोणाच्या कमरेत उसण भरली की सकाळी चहाच्या आधी तो आमच्या दाराशी येतो. ओट्यावर पालथा झोपतो आणि मी उजव्या पायाने त्याच्या पाठीवर पाच हलक्या लाथा मारतो. लहानपणापासून हे करत आलो. मोठमोठी माणसं माझ्या पायाशी झोपायची, जाताना बरं वाटतं म्हणायची. आठवीत असताना शाळेतले एक गुरुजी आले होते. त्यांनाही पाच मारल्या, दुसऱ्या दिवशी गणितात त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

खरं सांगायचं तर याचा मला गर्व होता. ज्या पायाने दुसऱ्यांचं दुखणं जातं, त्या पायाला स्वतःचं दुखणं कसं होईल? आणि झालंच तर ते नस चढण्यापलीकडे काय असणार?

आई चटईच्या कारखान्यात कामाला आहे. पाळी संपवून आली की ती तिळाचं तेल कोमट करून माझी पोटरी चोळायची. बाबा डाळ मिलमध्ये हमाली करतात, त्यांना मुरगळणं, लचकणं नवीन नाही. ते म्हणाले, विटकर गरम करून शेक. मी शेकलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. चौथ्या दिवशी मी चालायला लागलो. थोडा लंगडत, पण चालत होतो, आणि चालता येतं म्हणजे तुटलेलं काही नाही, असं मला अगदी पक्कं वाटत होतं. कॉलेजलाही गेलो. सरांना टाळलं.

चालता येणं हाच फसवणारा भाग आहे. पाऊल हलवणारे दुसरेही स्नायू असतात, ते कसंबसं काम चालवून नेतात. मला मात्र वाटत होतं, माझा पाय आपोआप बरा होतोय.

हमीद चाचांची पाठ

नवव्या दिवशी सकाळी हमीद चाचा आले. चाचा गाद्या भरतात. दिवसभर वाकून कापूस दाबायचा आणि दाभणाने शिवायचं, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा त्यांना उसण भरतेच. नेहमीसारखे ओट्यावर पालथे झाले. मी डाव्या पायावर उभा राहिलो आणि उजव्याने पहिली मारली.

मग दुसरी मारली.

"रोशन बेटा," ते तोंड जमिनीकडे ठेवूनच म्हणाले, "लात मार रहा है के गीला कपडा फटकार रहा है?"

आई दारातून हसली. मी तिसरी जोरात मारायला गेलो. पाऊल खाली वाकेचना. लोंबलं आणि त्यांच्या पाठीवर नुसतं टेकलं. चाचा उठून बसले, कंबर धरून माझ्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चवड्यावर उभा राहून दाखव बरं. दोन्ही नको, याच एका."

मी ओट्याचा खांब धरला आणि प्रयत्न केला. टाच जमिनीवरून कागदाइतकीही उचलली गेली नाही. मी जोर लावत होतो आणि जोर कुठेतरी वाटेतच संपत होता.

"ये उसण नहीं है," चाचा म्हणाले. स्वतःची उसण तशीच घेऊन ते निघून गेले.

आजही कोणाला काही सांगायचं झालं तर मी आधी चाचांनी केलं तेच सांगतो. मैदानात टाचेमागे लाथ बसल्यासारखं वाटलं, आणि मग त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर तेल नाही, वीट नाही. सरळ हाडांच्या डॉक्टरकडे. त्याच दिवशी.

आम्ही मात्र त्या दिवशीही गेलो नाही. आमच्यासारखीच माणसं करू शकतील अशी चूक आम्ही केली. आई म्हणाली, पायाळूला पायाळूचाच पाय लागतो. भडगावजवळ गिरणा नदीच्या काठी आमचं गाव आहे. तिथे बाबांची चुलत बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. तीही पायाळू. आईच्या सुट्टीची वाट बघण्यात आणखी तीन दिवस गेले.

अक्काने मला खाटेवर पालथं झोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पालथा झोपलो होतो आणि दुसरं कोणी माझ्या पायाशी उभं होतं. तिने पाय लावला नाही. खाली बसली आणि टाचेपासून वर अंगठा फिरवत गेली. एका जागी अंगठा थांबला.

"आठे खड्डा शे," ती आमच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे इथे खड्डा आहे.

"जरासं तेल लाई दे ना अक्का," आई म्हणाली.

"तेल कसाले? उसण म्हंजे आखडेल ऱ्हास. हाई तुटेल शे. तुटेल दोरी तेल लाईसन जुडस का?"

आईचा चेहरा उतरला. ते बघून अक्काने माझ्या पाठीला एकदा पाय टेकवला. मला वाटतं, तो आईसाठी होता. मग, झालं अशा अर्थाने, म्हणाली, "व्हयनं. आते उठा आनि डाक्टरकडे जा. जेवाले बी थांबू नका."

पायाळूपणाबद्दल कोण काय म्हणेल ते म्हणो. मला अक्काचा अभिमान वाटतो. आपल्या पायाने काय होतं आणि काय होत नाही, हे तिला नीट ठाऊक होतं. मला ते कळायला टाच तुटावी लागली.

निदान

जळगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनीही पालथंच झोपवलं, पावलं टेबलाबाहेर ठेवून. डाव्या पोटरीला चिमटीत दाबलं, तसं डावं पाऊल हललं. उजवी पोटरी दाबली. आईकडे बघून विचारलं, "दिसलं?"

आईला दिसलं होतं, उजवं पाऊल हललं नव्हतं. मला काही दिसत नव्हतं, पण ती "हो" ज्या आवाजात म्हणाली त्यावरून कळलं.

"किती दिवस झाले?"

"बारा," मी म्हणालो.

"कोणी चोळलं?"

मी आईकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "मी चोळलं, साहेब. रोज चोळलं."

मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. दहा तास उभं राहून आलेली बाई तेल कोमट करत होती आणि आता गुन्हेगारासारखी उभी होती. डॉक्टर तरुणच होते. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "मावशी, तुमच्या चोळण्याने तुटली नाही. ती मैदानातच तुटली. हा बारा दिवस तिच्यावर चालला, त्यामुळे दोन्ही टोकं लांब गेली. तुमचा नाही, याचा दोष."

दोषी ठरल्याचा इतका आनंद मला कधी झाल्याचं आठवत नाही. मी लगेच म्हणालो, "हो, माझाच."

लवकर आलं तर कधी कधी नुसत्या प्लास्टरवर भागतं, माझ्यासाठी आता ऑपरेशन बरं, असं ते म्हणाले. मी एकच विचारलं, "खेळता येईल?"

"आधी चालायला शिकू," डॉक्टर म्हणाले. हो नाही आणि नाहीही नाही.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. मी पालथा पडून होतो, जागा होतो, आणि दोन नर्स भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट किती घालावा यावर बोलत होत्या. मी भीतीने गार पडलो होतो. त्यांच्या त्या बोलण्याचा मला फार आधार वाटला. ज्या खोलीत वांग्यावर वाद होतो तिथे काही भयंकर होत नसेल, असं मनाला सांगत राहिलो.

वॉर्डात सकाळी झाडू मारणाऱ्या मावशींपासून दिवस सुरू व्हायचा. मग ताप बघणं, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत माझ्या खाटेपाशी एक वाक्य व्हायचं, "बोटं हलव," आणि मंडळी पुढे जायची. त्या एका वाक्यासाठी मी सकाळपासून बोटं हलवून तयार राहायचो. शेजारच्या खाटेवर धरणगावचे एक म्हातारे नाना होते, खुब्याचं हाड मोडलेलं. प्लास्टरच्या आत इतकी खाज सुटायची की मी एकदा त्यांच्याकडे छत्रीची काडी मागितली. ते म्हणाले, "मागच्या खेपेला मीच घातली होती. आत जखम झाली, आणखी पंधरा दिवस राहिलो. मला सोबत हवी म्हणून देऊ का तुला?" मी नको म्हणालो.

सोडलं त्या दिवशी रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच आली. पुढे गटाराचं काम चालू होतं. कुबड्यांवर त्या मातीतून जाणं शक्य नव्हतं. बाबांनी पाठ फिरवली आणि खाली बसले. "चढ."

वीस वर्षांचा मी त्यांच्या पाठीवर चढलो. पाय सांभाळायच्या नादात चुळबुळ करत होतो. ते थांबले. "कट्टा पाठवर हालस नही," म्हणाले, कट्टा म्हणजे डाळीचं पोतं, "तू कितला हालस!"

गल्ली हसली. मीही हसलो. पण त्यांच्या मानेवरचा घाम मला जवळून दिसत होता. आयुष्यभर ज्या पाठीवर पोती वाहिली, तिच्यावर आज मी बसलो होतो.

खो-खो काय भरस?

घरात ताण होता, तो लपवत नाही. पाय उंचावर ठेवून मी दिवसभर पडून. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, पायाला पिशवी बांधायची, हे सगळं कामावर जायच्या आधी आईने करायचं. बाबा फारसं बोलत नव्हते. एकदा जेवताना म्हणाले, "आते खेळ बंद."

मी भाकरी मोडत राहिलो. आई म्हणाली, "तुमनी पाठ दुखस, मंग तुम्ही मिल सोडी का?"

"मिल पोट भरस," बाबा म्हणाले. "खो-खो काय भरस?"

आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. याचं नीटसं उत्तर माझ्याकडे आजही नाही. एवढंच सांगता येईल की पाटीवर बसलेलं असताना, पाठीमागे पावलांचा आवाज जवळ येत असताना, मला जितकं जिवंत वाटतं तितकं दुसरीकडे कुठे वाटत नाही. हे बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते रागाने बोलत नव्हते, त्यांना भीती वाटत होती. घरातलं पहिलं कॉलेजात गेलेलं पोरगं लंगडं होऊन बसलं तर काय, ही ती भीती. ती मलाही वाटत होती.

हवेत मुळाक्षरं

काही आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पोटरी पाहून मी घाबरलो. डाव्या पायाशेजारी ती कोणा दुसऱ्याची वाटत होती, शाळकरी पोराची. प्लास्टरनंतर उंच टाचेचा बूट आला, त्यातले तुकडे एकेक करून कमी करायचे. आणि मग फिजिओ मॅडम. उंच, चष्मेवाल्या, शब्द मोजून वापरणाऱ्या.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "पायाच्या अंगठ्याने हवेत अ आ इ ई काढ. रोज तीनदा, ज्ञपर्यंत."

घरी मी खाटेवर बसून काढायचो आणि आई भाजी निवडता निवडता ओळखायची. तिची शाळा चौथीत सुटली. "हा घ झाला का ध?" ती विचारायची. "गुरुजींनी कान धरला असता तुझा." एकदा म्हणाली, "आता माझं नाव काढ." मी पायाने तिचं नाव काढायला संकोचलो. ती म्हणाली, "काढ रे, औषध आहे ते." मी हवेत तिचं नाव काढलं. शेवटचा काना जरा वाकडा गेला.

पाऊल ओढायला पट्टा लागायचा. मॅडमनी टॉवेल घ्यायला सांगितलं होतं. आईने कारखान्यातून चटईच्या कडेला शिवतात ती गोट आणली, वाया गेलेल्या तुकड्यांची, तिहेरी शिवून. मॅडमनी तो पट्टा हातात घेऊन ताणून बघितला आणि विचारलं, "अजून चार मिळतील?" आता त्यांच्या खोलीत भिंतीला आईने शिवलेले पट्टे लटकतात आणि जो येतो तो ते वापरतो. आई तिथे गेली की त्यांच्याकडे बघत नाही असं दाखवते, पण बघते.

मग ती परीक्षा आली, जी मी चाचांसमोर नापास झालो होतो. एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं. आधी दोन्ही पायांवर करायचं. मग दोन्हीवर चढायचं आणि एकावर हळू उतरायचं. मग एकट्या पायावर. कितीतरी आठवडे ते जमलं नाही. मी भिंत धरून सांगायचो, उठ, आणि टाच जागची हलायची नाही. जणू फोन लागतोय आणि पलीकडे कोणी उचलत नाही. एकदा चिडून मी भिंतीवर मूठ मारली. मॅडम म्हणाल्या, "तो हात मी बघणार नाही. त्याच्यासाठी दुसरा नंबर लावावा लागेल."

ज्या सकाळी पहिल्यांदा जमलं, ती मी विसरणार नाही. स्वयंपाकघरातला ओटा धरून करत होतो. आई म्हणाली, "उचलली वाटतं." मी म्हणालो, "नाही गं, तुला भास होतो." तिने माझ्या खिशातलं कॉलेजचं ओळखपत्र काढलं, खाली बसली आणि टाचेखालून सरकवलं. ते या बाजूने गेलं आणि त्या बाजूने बाहेर आलं.

"हे बघ," ती म्हणाली, "पलीकडे निघालं."

मी खूप बक्षिसं पाहिली नाहीत. शाळेत एक पितळी कप मिळाला होता. पण ओळखपत्राच्या जाडीएवढ्या त्या उंचीचा मला जितका अभिमान आहे, तितका त्या कपाचा नाही. एकाचे तीन व्हायला पंधरा दिवस लागले. तिनाचे पंचवीस व्हायला किती लागले ते मोजलं नाही. पंचविसाव्याला मॅडम म्हणाल्या, "आता पळायला सुरुवात कर." चष्मा काढून पुसायला लागल्या. त्या पुसतात तेव्हा खूश असतात, हे मला तोवर कळलं होतं.

आवाज

पाय बरा झाला तरी मन मागे राहतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मेहरूण तलावाच्या कडेने सकाळी हळूहळू पळायला लागलो. चौथ्या दिवशी वाळकी शेंग पायाखाली आली आणि फट् आवाज झाला. मी तिथेच खाली बसलो, दोन्ही हातांनी टाच धरून. फिरायला आलेले एक गृहस्थ धावत आले, "काय झालं? काय चावलं?" शेंग दाखवायची मला लाज वाटली. मुंगी चावली म्हणालो.

त्यानंतर आठवडाभर पळालोच नाही. मग मॅडमना खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या त्याच जागी जा आणि मुद्दाम शेंगा तुडव. वीस तरी." मी गेलो. भूषणला सोबत नेलं. आम्ही दोघं पोरांसारखे शेंगा फोडत होतो. सातवी-आठवी फुटल्यावर आवाज आला की मी दचकेनासा झालो. भूषण म्हणाला, "अजून मी लाथ मारली असं वाटतं का तुला?" मी त्याला तिथे, तलावाच्या काठी, पहिल्यांदा नीट सॉरी म्हणालो.

निवड चाचणी

डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली तेव्हा नवा हंगाम सुरू झाला होता. विद्यापीठाची निवड चाचणी धुळ्यालाच होती. बोरसे सर बसमध्ये माझ्या शेजारी बसले. "तुझी दया येते म्हणून मी कोणाला शब्द टाकणार नाही हं," म्हणाले. "पळून दाखव."

"टाकू नका, सर," मी म्हणालो, आणि तसं म्हणताना मला बरं वाटलं.

पाटीवर बसलो आणि उजवा चवडा दोनदा जमिनीत दाबून पाहिला. मागे पावलं वाजली, पाठीला हात लागला, खो आला. मी उठलो. विचार करायला वेळच नव्हता. खांबाजवळ एक गडी वळत होता, मी सूर मारला आणि बोटांची टोकं त्याच्या घोट्याला लागली. जमिनीवर आडवा असतानाच मला कळलं, टाचेचं काही झालेलं नाही. मग संरक्षणात उतरलो आणि दीड मिनिटाच्या वर टिकलो. आधी मी दोनच्या वर टिकायचो. हेही लिहितो, कारण खोटं लिहून कोणाचं भलं होणार नाही. उजवी पोटरी अजून डावीपेक्षा बोटभर बारीक आहे, थंडीत सकाळी टाच आखडते. पण मी पळालो, तेही चांगलाच पळालो, आणि हे म्हणताना आता माझा आवाज बारीक होत नाही.

यादी आठवड्यात लागेल असं सांगितलं होतं. आठवडा गेला, दुसराही गेला. सरांना विचारलं तर ते म्हणायचे, "मलाही माहीत नाही रे." मी रोज फलक बघून यायचो. मॅडमनी लिहायला सांगितलेलं हे काम त्याच दिवसांत हाती घेतलं, म्हणजे डोकं दुसरीकडे राहील.

गल्लीतले लोक अजून सकाळी येतात. मी आधी विचारतो, कुठे दुखतं, कसं झालं, उचलताना आवाज आला का, पाय बधिर होतो का. काही वेगळं वाटलं तर लाथ न मारता दवाखान्यात पाठवतो. मागच्या महिन्यात एका क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला पाठवलं. त्याचा मांडीमागचा स्नायू अर्धा फाटला होता, आणि तो दुसऱ्याच दिवशी पोचला होता. तो माझ्या निम्म्या काळात बरा होईल, असं मॅडम म्हणाल्या. या वाक्याने मला जितका आनंद झाला तितकाच थोडा हेवाही वाटला.

हे मी कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहितो आहे. इथपर्यंत लिहिलं आणि कोणीतरी दारात उभं आहे असं वाटून वर पाहिलं. बाबा होते. कॉलेजात ते यापूर्वी कधीच आले नव्हते. भुवयांवर डाळीची पिवळी धूळ, डोक्याला पंचा, कामावरून तसेच आलेले. फाटकावर त्यांनी "पंधरावीना रोशन" असं विचारलं आणि शिपायाने त्यांना इथवर आणून सोडलं, हे नंतर कळलं. वाचनालयात फोन बंद ठेवायचा असतो, म्हणून बोरसे सरांनी माझ्या अर्जावर पालकांचा म्हणून जो नंबर होता त्यावर फोन लावला होता.

मी उठून त्यांच्यापाशी गेलो.

"सरना फोन उना व्हता," बाबा म्हणाले. "बारा पोऱ्या निवडात. त्यामा तुनं नाव शे."

मी खाली वाकून टाच चाचपली. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. मिलच्या आवाजावर बोलायची त्यांना सवय. ते पुन्हा म्हणाले, आणि सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.

"तुनं नाव शे रे, रोशन!"